माउंट गे : भट्टीघराची नोंद

बार्बाडोसमधील माउंट गे ही रमची भट्टी पाहायला जाणाऱ्याला आधी भेटते ते १७०३ हे साल. त्या वर्षीच्या दस्तऐवजात तिथल्या भट्टीघराचा उल्लेख आहे. तिच्या जुनेपणाची सारी ख्याती त्यावर उभी. भट्टीला नाव मिळाले ते मळ्याचा कारभार पाहणाऱ्या सर जॉन गे ॲलीन यांचे. पण दस्तऐवज मालमत्तेचा. त्यात गुलाम आला तरी मालमत्ता म्हणूनच येणार.

म्हणून रिचर्ड लिगनचा १६५७चा बार्बाडोसचा इतिहास सोबत वाचावा. लिगन बेटावर राहिलेला, चौकस, पुष्कळदा सहृदयही. मकाऊ, साम्बो या गुलामांना तो नावानिशी ओळखतो. मात्र रात्री भट्टीघरातून मद्याचा बुधला नेताना मेणबत्तीने भडका उडून जळून मेलेल्या गुलामाला त्याच्या पुस्तकात नाव नाही. उत्तम नोकर गेला, ही त्याची हळहळ. दोष मयताच्या अज्ञानाचा : भडकताक्षणी बुचावर हात दाबला असता तर सगळे वाचले असते म्हणे! लिगनचे गद्य इथे त्याच्याही नकळत खरे बोलून जाते. हानी मोजताना तो आधी बुधलाभर मद्य लिहितो. जीव त्यानंतर, वरकड म्हणून.