पायाखालची जमीन

बॉस-फाइटमध्ये रिंगण हळूहळू धोकादायक होत जाणं मजेशीरही असतं आणि चीड आणणारंही. फरक कुठे पडतो?

'डार्क सोल्स'मधला (2011) 'बेड ऑफ केऑस' बघा. दोन बाजूंचे दोन गोळे फोडायचे. पहिला फुटला की फरशी कोसळू लागते. कुठली कोसळणार, हे पहिल्यांदा पडल्यावरच कळतं, आणि पडलो की मेलो. पुन्हा आलो की फोडलेला गोळा मात्र फुटलेलाच असतो. ही सवलत मला गेमने दिलेली कबुली वाटते.

'हॉलो नाइट' (2017) तेवढीही दया दाखवत नाही. शेवटच्या 'रेडियन्स'कडून हरलो, की त्याआधीच्या बॉसशी पुन्हा लढायचं. तरी ही लढाई जास्त न्याय्य वाटते. आधी अर्ध्या जमिनीवर काटे येतात, मग जमीनच जाऊन प्लॅटफॉर्म उरतात, शेवटी वर चढायचं. काटे चुकवणं, अरुंद जागेवर उतरणं हे सगळं गेमने तोवर तासन्‌तास घोटून घेतलेलं असतं. परीक्षा कठीण, पण अभ्यासक्रमातलीच.

मेल्यावर 'चुकलो' म्हटलं तर आपण पुन्हा खेळतो. 'फसवलं' म्हटलं तर कंट्रोलर बाजूला जातो.