मातीतला पेमगिरी

दिवाळीत संगमनेरच्या गल्ल्यांमधून हिंडलं की अंगणाअंगणात किल्ले दिसतात, बहुतेक पोरांनी केलेले. आमच्या गल्लीतल्या एका काकांचा किल्ला मात्र मी दरवर्षी मुद्दाम बघायला जातो. सातव्या वर्षी ते थोरल्या भावाच्या हाताखाली चिखल तुडवायला लागले. आता साठी उलटली, तरी वसुबारसेच्या आधी त्यांचे हात मातीत असतातच. यंदा त्यांनी केलाय आपल्याच तालुक्यातला पेमगिरी, म्हणजे शहागड.

आधी डोंगर बघावा. पोरं चिखलाचा निमुळता ढीग उभा करतात. सह्याद्री तसा नाही. लाव्ह्याचे थरावर थर बसून तो झालेला, म्हणून एक कडा, मग उतार, पुन्हा कडा अशी त्याची चढण. विटा रचून, त्यावर राड्यात बुडवलेलं गोणपाट टाकून काकांनी नेमकी तीच ठेवण साधली आहे. कड्यांना काळी माती, वरून कोळशाची पूड; उतारांवर मुरूम. काळी माती वाळली की तडकते. बाकीचे त्या भेगा लिंपून टाकतात. काकांनी कड्यावरच्या भेगा तशाच ठेवल्या आणि मातीला खडकाचं रूप आलं. अळीव पेरलाय तोही फक्त उतारांवर.

मग वाट. लहानपणी किल्ला म्हणजे सिंहासन, म्हणून पोरांच्या पायऱ्या पायथ्यापासून थेट तिथेच भिडतात. इथे वाट सोंडेवरून निघते, कड्याआड दिसेनाशी होते आणि वर निघते ती पाण्याच्या टाक्यांपाशी. गड पाण्यावर जगतो, हे इथे न सांगता कळतं. पेमादेवीचं देऊळ डोंगराच्या मानाने किंचित मोठं झालंय, एवढीच उणीव. पण खालच्या गावाजवळचा तो प्रसिद्ध महावटवृक्ष पाहावा: सुतळी उसवून सोडलेल्या पारंब्या जमिनीला टेकून पुन्हा खोडं झाल्या आहेत.

खरा जीव माथ्यावर आहे. निजामशाही बुडत असताना, 1633च्या सुमारास, शहाजीराजांनी त्या घराण्यातल्या लहानग्या मुर्तजाला याच गडावर गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने कारभार चालवत मुघलांशी झुंज दिली. पोराला मांडीवर घेऊन राजे स्वतः गादीवर बसले, असं सांगतात. तशी मूर्ती बाजारात मिळत नाही. काकांनी ती शाडूची घडवली. राजांची नजर दूर मैदानावर आहे आणि तळहात पोराच्या पाठीवर. त्या एका हातात सगळा प्रसंग आलाय.

तुळशीचं लग्न लागलं की किल्ल्यावर पाणी ओततात आणि माती कुंड्यांमध्ये जाते. काकांचा छंद पन्नासहून अधिक वर्षं टिकला तो यामुळेच, असं मला वाटतं. कपाटात ठेवलेली प्रतिकृती एकदाची पूर्ण होते. मातीचा किल्ला दरवर्षी नव्याने करावा लागतो, आणि त्यासाठी दरवर्षी गड पुन्हा चढून, निरखून यावं लागतं.

जुलै 2025मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा मानलं. पेमगिरी त्या यादीत नाही. तो आमच्या गल्लीतल्या एका अंगणात आहे. तुमच्या घरी कुणी पोर पुढच्या दिवाळीत किल्ला करणार असेल, तर माती आणण्याआधी त्याला जवळच्या एखाद्या गडावर घेऊन जा.