सम्राट नव्हे, अडलेली पेशी

सिद्धार्थ मुखर्जी यांच्या 'द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज' (२०१०) या पुस्तकाला २०११ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि तेव्हापासून आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात ते मानाने उभे आहे. कॅन्सरचे 'चरित्र' लिहिण्याची कल्पना धाडसी, निवेदन ओघवते. माझी तक्रार आहे ती नावाबद्दल. रोगाला एकदा सम्राट म्हटले की पुढे सारे युद्धच होते. याच पुस्तकातली एक हकिकत मात्र त्या रूपकात मावत नाही.

ती आहे अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाची. या रोगात १५ व १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात, हे शिकागोच्या जॅनेट रॉली यांनी १९७७ साली दाखवले. त्या सांध्यावर पीएमएल आणि आरएआरए ही दोन जनुके तुटून एकमेकांना चिकटतात, हे १९९० च्या सुमारास उलगडले. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. नीट चालणाऱ्या दोन प्रोग्रॅमचे तुकडे चुकीच्या जागी जोडले की तिसराच कारभार सुरू होतो.

आरएआरएचे खरे काम म्हणजे 'अ' जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनॉइक आम्लाचा निरोप ऐकून पांढऱ्या पेशींना प्रौढ होऊ देणे. जोडजनुकाचे प्रथिन मात्र त्यासाठी लागणारी जनुके दाबून धरते. पेशी अर्ध्या वाटेवर अडतात आणि त्या अर्धवट पेशींचीच गर्दी होते. शांघायच्या रुइजिन रुग्णालयातील वांग झेनयी व सहकाऱ्यांनी २४ रुग्णांना रेटिनॉइक आम्ल दिले. सर्वांचा रोग ओसरला, असा अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. पेशी मारल्या गेल्या नव्हत्या, त्या मोठ्या झाल्या होत्या!

नुसत्या या औषधावर रोग उलटत असे, म्हणून केमोथेरपीची जोड द्यावी लागली. पण २०१३ साली लो-कोको व सहकाऱ्यांनी कमी व मध्यम जोखमीच्या रुग्णांना रेटिनॉइक आम्लासोबत केमोथेरपीऐवजी आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, दिला. दोन वर्षांनंतर रोग न उलटता सुखरूप असलेले या गटात ९७ टक्के होते, तर केमोथेरपीच्या गटात ८६ टक्के. सोमल त्या जोडप्रथिनाचाच नाश करतो. हे निष्कर्ष पुस्तकानंतरचे, त्यांचा दोष लेखकाला देता येणार नाही. पण शांघायची हकिकत मुखर्जींना ठाऊक होती. ती ते सुरेख सांगतात आणि थोड्याच पानांत पुन्हा रणांगणाकडे वळतात, हे खटकते.

हा शब्दांचा कीस नव्हे. आपल्या वृत्तपत्रांतही 'कर्करोगाशी झुंज अपयशी' असेच छापून येते, जणू गेलेला माणूस लढण्यात कमी पडला. शिवाय 'ब्लड कॅन्सर' ऐकताच घरचे हातपाय गाळतात, किंवा चार ठिकाणी फोन करण्यात दिवस घालवतात. या रोगात सर्वांत मोठा धोका सुरुवातीच्या दिवसांतल्या रक्तस्रावाचा असतो. म्हणूनच नुसता संशय आला तरी, जनुकाचा अहवाल येण्याआधीच, डॉक्टर रेटिनॉइक आम्ल सुरू करतात.

सगळे जोड इतके भले नसतात. मुलांमधला १२ व २१ चा जोड बहुधा उपचारांना चांगली दाद देतो, तर तान्ह्या बाळांमधले ११ व्या गुणसूत्रावरच्या केएमटीटूए जनुकाचे जोड फार चिवट असतात. म्हणून घरच्यांनी विचारायचा प्रश्न 'शत्रू किती बलाढ्य?' हा नव्हे, तर 'जोड कोणता?' हा आहे. पुस्तक जरूर वाचावे. फक्त मुखपृष्ठावरच्या सम्राटाला घाबरू नये.