प्रिंटलाइन हरवलेली बातमी
(अहमदनगर जिल्ह्याच्या अनुभवातून जनसंपर्क आणि वृत्तमाध्यमांचा एक विचार)

मराठी वृत्तपत्राच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, बारीक टायपात एक मजकूर असतो. अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले, संपादक अमुक. पत्रकार त्याला 'प्रिंटलाइन' म्हणतात. वाचक सहसा तिकडे पाहत नाही. १८६७ च्या कायद्याने ही ओळ आणली, तेव्हा ब्रिटिश सरकारला छापखान्यांवर नजर ठेवायची होती. पण तिच्यामुळे वाचकालाही एक हक्क मिळाला. छापलेल्या शब्दाबद्दल जाब कुणाला विचारायचा, हे त्याला कळू लागले.

इंटरनेटने बातमीतला मध्यस्थ संपवला, आता प्रत्येक जण पत्रकार झाला, असे गेली काही वर्षे सर्रास बोलले जाते. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील घटना या विधानाला लावून पाहिल्या, तर निराळे चित्र दिसते. मध्यस्थ कुठेही गेलेला नाही. त्याचे नाव तेवढे गेले आहे.

या जिल्ह्याला मुद्रित माध्यमांचा मोठा वारसा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये अहमदनगरातच सुरू झाले. सत्यशोधक विचारांचे मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये 'दीनमित्र' काढले आणि पुढे नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून ते चालवले. ही दोन्ही पत्रे उघडपणे प्रचारक होती. एकाचा प्रचार धर्माचा होता, दुसऱ्याचा ब्राह्मणेतर समाजाच्या जागृतीचा. पण कोण बोलतो आहे आणि कशासाठी, हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असे. ज्याला पटत नसेल त्याला उत्तर कुठे पाठवायचे हेही माहीत होते. निनावी प्रचाराची सवय पुढे आली.

ती इंटरनेटने आणली, असे मात्र म्हणता येणार नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्र्यांचे गुणगान करणारा एकच मजकूर स्पर्धक मराठी दैनिकांत 'बातमी' म्हणून आल्याचे पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'तून दाखवून दिले. प्रिंटलाइन त्या दैनिकांतही होती, आणि तिने हे थांबवले नाही. तरीही एक फरक राहतो. कागदावर छापलेले परत घेता येत नाही. पाने शेजारी शेजारी ठेवता आली, म्हणूनच 'पेड न्यूज'चा पुरावा उभा राहिला. मोबाइलवरचा संदेश 'सर्वांसाठी डिलीट' केला की पुरावाही त्याच्याबरोबर जातो.

यानंतर दोनच वर्षांनी पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी देशाच्या पडद्यावर आली. अण्णा हजारे तोपर्यंत अनोळखी नव्हते. पाणलोटाची कामे पाहायला पत्रकार गावात येत. राज्याच्या माहिती अधिकार कायद्यासाठी त्यांनी २००३ मध्ये मुंबईत केलेले उपोषणही गाजले होते. पण ५ एप्रिल २०११ रोजी दिल्लीत जंतरमंतरवर बसलेल्या अण्णांमागे नवी यंत्रणा होती. फेसबुक, ट्विटर आणि मिस्ड कॉल देऊन पाठिंबा नोंदवण्याचा क्रमांक तिच्या हाताशी होता. दिवसभर थेट प्रक्षेपण करणाऱ्या वाहिन्यांना त्यातून दृश्य मिळे आणि वाहिन्यांमुळे मिस्ड कॉल वाढत. बातमी कुठे संपते आणि जनसंपर्क कुठे सुरू होतो, ही रेषा पुसली गेली. १६ ते २८ ऑगस्टच्या उपोषणात तर ती कुणी शोधलीही नाही.

या यंत्रणेची खरी परीक्षा गावातच झाली. त्या वर्षी १६ ऑक्टोबरला अण्णांनी राळेगणमध्ये मौनव्रत घेतले. मौनातल्या माणसाचे म्हणणे जगापुढे येत होते ते त्यांच्या नावाच्या ब्लॉगवरून, आणि तो पत्रकार राजू परुळेकर चालवत. नोव्हेंबरमध्ये मौन सुटले आणि वाद पेटला. आपल्या सहकाऱ्यांच्या समितीची फेररचना करण्याचा अण्णांचा विचार असल्याचे ब्लॉगवर आले. अण्णांनी ते नाकारले. त्यावर परुळेकरांनी अण्णांच्या हस्ताक्षरातील पत्राची प्रतच ब्लॉगवर टाकली. ब्लॉग बंद करण्याची भाषा झाली.

कोण खरे होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की, लाखो लोकांना जोडणाऱ्या माध्यमात 'हे शब्द कुणाचे?' या साध्या प्रश्नाचे उत्तर द्यायला शेवटी शाईने लिहिलेला कागद शोधावा लागला.

दुसरे उदाहरण राहाता तालुक्यातील पुणतांब्याचे. तिथल्या ग्रामसभेतून उठलेला शेतकरी संप १ जून २०१७ ला सुरू झाला. दिल्ली-मुंबईच्या वाहिन्यांची वाट न पाहता तो गावोगावी पोचला, यात मोबाइलचा वाटा मोठा होता. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. ३ जूनच्या पहाटे मुख्यमंत्र्यांबरोबरच्या बैठकीनंतर संप मागे घेतल्याची घोषणा झाली, तेव्हा ती मानायला अनेक ठिकाणचे शेतकरी तयार झाले नाहीत आणि संप चालूच राहिला. पूर्वी सकाळच्या वृत्तपत्रात 'संप मिटला' असे छापून आले असते, तर तो बहुधा मिटला असता. नेत्याच्या शब्दाची तपासणी तासाभरात होऊ शकते, ही या तंत्रज्ञानाची जमेची बाजू.

खर्चाची बाजू त्याच दिवसांत दिसली. रस्त्यावर ओतलेल्या दुधाच्या चित्रफिती फिरत होत्या. अशा चित्रफितीवर गाव नसते, तारीख नसते, ती कुणी काढली हेही नसते. एकाला ती शेतकऱ्याच्या संतापाची खूण वाटते, दुसऱ्याला नासधुशीची. त्या महिनाअखेरीस ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली आणि तिचे अर्ज ऑनलाइन भरायचे ठरले. मोबाइलवर संप पसरवणारा शेतकरी अर्जासाठी मात्र केंद्राबाहेर रांगेत उभा राहिला. बोलण्याची सोय झाली म्हणजे ऐकून घेतले जाण्याची सोय झाली, असे होत नाही.

ही मोठी प्रकरणे झाली. रोजचा बदल तालुक्याच्या वार्ताहराकडे पाहिल्यावर समजतो. एकेकाळी तो बातमीचे पाकीट एसटीच्या पार्सलने पाठवी. आता पुढाऱ्याचा, कारखान्याचा, शिक्षणसंस्थेचा मजकूर मथळा व छायाचित्रासह त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तयार येतो. तो तसाच पुढे सरकवणे सोपे, तपासणे अवघड. त्यातच अनेकदा वार्ताहरालाच जाहिराती गोळा कराव्या लागतात. ज्याच्याकडून दिवाळीची जाहिरात घ्यायची, त्याच्या पत्रकाला प्रश्न विचारणार कसा? हे दुखणे जुनेच आहे. पूर्वी पत्रक पुन्हा लिहावे लागे आणि लिहिताना एखादी शंका तरी मनात येई. कॉपी-पेस्टने तीही उसंत काढून घेतली.

कायद्याचे काय? १८६७ च्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली, पण तोही नियतकालिकांपुरता. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी वृत्त पोर्टलांकडून तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव मागितले. त्यांतील काही तरतुदींना मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी स्थगिती दिली. सरकारच्या हातात संपादकाची कात्री जाऊ नये, ही चिंता रास्तच आहे. म्हणून उपाय सक्तीपेक्षा सवयीचा हवा. पोर्टलने चालक-संपादकाचे नाव द्यावे. आलेले पत्रक 'प्रसिद्धिपत्रक' म्हणूनच छापावे. पैसे घेतले असतील तर 'जाहिरात' लिहावे. आणि आपण वाचकांनी संदेश पुढे पाठवण्याआधी एकदा तळाशी पाहावे.

तरवडीच्या संपादकाकडे यंत्रे कमी होती, वाचक थोडे होते, पण अंकाखाली नाव होते. आज यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. खाली नाव लिहायचे तेवढे राहिले आहे.