साक्ष घेतली, उत्तर राहिले

‘उशाहिदी’ हा स्वाहिली शब्द, अर्थ साक्ष. २००८ साली केनियातील निवडणुकीनंतरच्या हिंसाचाराच्या नोंदी लोकांकडूनच घेऊन नकाशावर मांडण्यासाठी हे संगणकीय साधन घडले. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपाने हैतीची राजधानी पोर्तोप्रँस उद्ध्वस्त झाली, तेव्हा ते मदतकार्याला जुंपले गेले. त्याचे कौतुक पुष्कळ झाले. मला मात्र त्याची रचना एखाद्या साहित्यकृतीसारखी तपासावीशी वाटते. इथे बोलतो कोण, ऐकतो कोण, आणि कोणाच्या भाषेत?

४६३६ या क्रमांकावर मोबाईलवरून फुकट संदेश पाठवा, असे स्थानिक रेडिओने सांगितले. संदेश आले ते क्रेयोलमध्ये. गुलामांच्या बंडातून १८०४ साली स्वतंत्र झालेल्या या देशात जवळजवळ सारेच क्रेयोल बोलतात. कारभार मात्र मूठभरांच्या फ्रेंचमध्ये चालत आला. क्रेयोलला राजभाषा व्हायला १९८७ ची घटना यावी लागली. ज्यांची वस्तीची बोली शाळेत ‘अशुद्ध’ ठरली, त्या आपल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. हे संदेश इंग्रजीत आणण्याचे ओझे मुख्यतः परदेशांत विखुरलेल्या हैतीच्याच माणसांनी उचलले. नकाशात नाव नसलेल्या वस्त्याही त्यांनीच ओळखून दिल्या. या योजनेचा कणा ही माणसे होती. यंत्राच्या गौरवगाथेत त्यांना तळटीपेएवढी जागा मिळते, याची मला चीड येते.

खरा दोष त्यापुढे आहे. हाक इंग्रजीत गेली, वर्गवारीत बसली, नकाशावर ठिपका झाली. मोठ्या संस्थांची आखणी चालते ती कोणत्या भागात किती जणांना किती पाणी, या हिशेबावर. एकट्याची हाक त्यात ठेवायची कोठे? रेड क्रॉसने आरोग्याच्या सूचना मोबाईलवर धाडल्या, हे खरे. पण सूचना म्हणजे उत्तर नव्हे. आणि निर्णयाच्या समन्वय-बैठका भरत संयुक्त राष्ट्रांच्या विमानतळाजवळच्या तळावर, पहाऱ्याच्या फाटकाआड, बहुतांशी इंग्रजीत. घाईत सारेच सुचत नाही, हा बचाव मला मान्य आहे. पण घाईतही इंग्रजी वाचणाऱ्याची सोय बरी सुचली!

त्याच वर्षी ऑक्टोबरात कॉलरा पसरला. नदीकाठच्या लोकांनी शांतिसैनिकांच्या तळाकडे बोट दाखवले. या साक्षीसाठी वर्गवारीत कोणता रकाना होता? संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली, ती डिसेंबर २०१६ मध्ये.