कवितेच्या तळाची गावे

ग्वाल्हेरला हरिशंकरपुरममध्ये आत्याकडे चार दिवस मुक्काम होता. दारात हिंदी, स्वयंपाकघरात मराठी, असा त्या घराचा रिवाज. आपल्या सीमाभागातील वाचकांना तो काही नवा नाही. त्या मुक्कामात भा. रा. तांबे यांची 'समग्र कविता' पुन्हा वाचली आणि एरवी नजरेतून निसटणारी एक गोष्ट ध्यानात आली. कवितांसोबत राग, ठिकाण, दिनांक अशा नोंदी आहेत. अजमेर, देवास, लष्कर-ग्वाल्हेर. यातले एकही गाव महाराष्ट्रातले नाही.

१८७३ मध्ये मुंगावलीत जन्मलेले आणि १९४१ मध्ये ग्वाल्हेरात निवर्तलेले तांबे महाराष्ट्रापासून दूर राहूनही मराठी राहिले, असे कौतुकाने म्हटले जाते. माझा वाद या 'राहूनही'शी आहे. एकटा माणूस परभाषेत आपली भाषा जपू शकत नाही. त्याला गोतावळा लागतो. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये ग्वाल्हेरला स्थिरावली आणि छावणीचेच 'लष्कर' हे शहर झाले. नव्याने येणाऱ्याला ओसरी, ओळख आणि चाकरी मिळवून देणारी मराठी घरे तिथे होती. तांब्यांची मराठी त्या घरांतली आहे.

पण गोतावळ्याने केवळ भिंती घातल्या असत्या तर तांबे हे तांबे झाले नसते. कवितेवरचा राग त्या भिंतीपलीकडून आला. ग्वाल्हेरची गायकी हद्दू-हस्सू खाँ यांच्या घराण्याची. त्या परंपरेतले वासुदेवबुवा जोशी यांच्यामुळे ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना (१८४९–१९२६) मिळाली, आणि त्यांनी ती आपल्या मिरज-इचलकरंजीच्या मुलखात आणली. म्हणजे आपल्या माणसाने दार दाखवले, विद्या मात्र दाराबाहेरची होती. चांगल्या गोतावळ्याचे हेच लक्षण. तांब्यांच्या गीतांची गेयता हा केवळ स्वभावगुण मानणारी समीक्षा हे दार पाहत नाही.

हा धागा उलट दिशेनेही जातो. तांब्यांची कविता १९२० मध्ये पुस्तकरूपाने आली ती वा. गो. मायदेवांच्या खटपटीने, 'समग्र कविता' १९३५ मध्ये माधव जूलियनांनी संपादित केली. दूरच्या कवीला इकडे हात देणारे कोणी होते, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली.

मात्र कौतुकाच्या भरात एक प्रश्न टाळता येणार नाही. या साखळीत कोण होते? शिकलेले, दरबाराच्या ओळखीतले. लष्कराबरोबर आलेल्या शिपायाची, मोतद्दाराची, परटाची मराठी कोणत्या पानाच्या तळाशी नोंदली गेली? ज्याला ओसरी मिळाली नाही त्याची भाषा आधी गेली असणार, आणि गेली हे कळायलाही कोणी उरले नसेल.

आपल्याकडची मंडळे आणि वाचनालये भाषा राखतात, हे खरेच. पण कन्नड, तेलुगू, हिंदी शेजाऱ्याचे दार ती आपल्या मुलांना दाखवतात का? आणि आपल्याच गल्लीतल्या, वर्गणी न परवडणाऱ्या घराला आत बोलावतात का? तांब्यांच्या पानांवरची ती दूरची गावे मला या दोन प्रश्नांसाठी महत्त्वाची वाटतात. आपल्या मुलांच्या कवितेखाली आपल्या गावाचे नाव यायचे असेल, तर या दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय' असावे लागेल.