घाटाखालचा रुग्ण आणि प्रतिजैविकांचे धोरण

भोरहून वरंध घाट उतरला की वरंध, मग बिरवाडी आणि पुढे महाड. डोंगरातल्या वाड्यांवरचा तापाने फणफणलेला माणूस याच वाटेने खाली येतो. त्याला डॉक्टरची एक भेट म्हणजे गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी. मग तो दुकानातून दोन दिवसांच्या गोळ्या घेतो आणि ताप उतरला की उरलेल्या ठेवून देतो. ‘चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक नको’ हा उपदेश चूक नाही, पण चिठ्ठी लिहिणारा हाताशी आहे असे तो गृहीत धरतो.

जंतू औषधांना दाद देईनासे झाल्यामुळे २०१९ साली जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’ने २०२२मध्ये छापला. मृत्यूचे प्रमाण सर्वांत जास्त पश्चिम आफ्रिकेत निघाले. तिथे माणशी औषधवापर श्रीमंत देशांपेक्षा जास्त नाही. म्हणजे दोष केवळ अतिवापराचा नाही. दूषित पाणी, उशिरा मिळणारे उपचार आणि तपासणीचा अभाव यांचाही तो आहे. गरीब देशात औषध जास्त झाल्याने माणसे मरतात, तशीच ते वेळेवर न मिळाल्यानेही मरतात.

आपले नियम मात्र पहिल्या अर्ध्यावरच रोखलेले आहेत. मार्च २०१४पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीत ४६ औषधे होती. ती विकताना डॉक्टर व रुग्णाचे नाव नोंदवून वही तीन वर्षे जपायची. त्या मूळ यादीत अ‍ॅमॉक्सिसिलिन नव्हते, अ‍ॅझिथ्रोमायसिनही नव्हते. ही दोन्ही गल्लोगल्ली खपणारी औषधे जुन्याच सैल अनुसूचीत राहिली. आयसीएमआरचे देखरेख-जाळे २०१३पासून उभे राहिले ते मुख्यतः मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयांत. तिथे पोचतो तो बहुधा आधीच अनेक औषधे झालेला रुग्ण. त्याच्या जंतूंवरून वरंधच्या पहिल्या तापाचे निदान कसे करायचे?

याच वाटेवर एक उलट उदाहरण आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचवाच्या दंशाने दगावणाऱ्या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणे टिपली. १९८२मध्ये त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये आली. पुढे रक्तदाबावरच्या प्राझोसिन या स्वस्त गोळीने तीस-चाळीस टक्क्यांच्या घरातला मृत्युदर एका टक्क्याच्या आसपास आला. तालुक्याच्या गावातूनही विज्ञान घडते, हे त्यांनी दाखवले.

पण या उदाहरणाचा गौरव करून थांबणे सोयीचे ठरेल. प्राझोसिनचा गुण काही तासांत डोळ्यांना दिसतो. जंतूंचा प्रतिकार डोळ्यांना दिसत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. कल्चरचा निकाल यायला दोन-तीन दिवस जातात, तोवर रुग्ण वाडीवर परतलेला असतो. एकट्या डॉक्टरच्या जिद्दीवर हे काम सोपवणे म्हणजे शासनाने आपली जबाबदारी त्याच्या गळ्यात बांधणे होय.

२२ जुलै २०२१ला महाड बुडाले आणि तळियेवर दरड कोसळली. अशा पुरानंतर लेप्टोचे भय असते आणि डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध जीव वाचवते. ‘अँटिबायोटिक वाईट’ अशी सरसकट भीती घातली, तर गरज असेल तेव्हाही माणूस ते टाळेल.

गोळी गिळणाऱ्याला शहाणपण शिकवताना गोळी बनवणाऱ्याकडेही पाहावे. हैदराबादजवळच्या पाटनचेरूत औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातही सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचे २००७मध्ये प्रसिद्ध झाले. जानेवारी २०२०च्या मसुद्यात केंद्राने अशा अवशेषांना मर्यादा सुचवल्या, पण २०२१च्या अंतिम अधिसूचनेतून त्या गळाल्या. महाडच्या औद्योगिक वसाहतीतही औषधनिर्मिती होते. तिथल्या पाण्यात हे अवशेष आहेत की नाहीत, हे मोजून जाहीर करण्याची सक्ती हवी.

मग करावे काय? तालुक्याच्या रुग्णालयात कल्चरची सोय, नमुना पुढे नेणारी गाडी, निकाल फोनवर कळवणारा माणूस आणि औषध दुकानदाराला गुन्हेगार न ठरवता या साखळीत घेणे. वाडीवरच्या माणसाने गोळ्यांचा कोर्स पुरा करावा, ही अपेक्षा रास्तच आहे. पण त्याआधी त्याला योग्य गोळी कोणती हे सांगणारी व्यवस्था बिरवाडीपर्यंत तरी पोचली पाहिजे.